बालाघाटच्या गायरानावर झाडं लावण्याआधी

बार्शी तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव बालाघाटच्या पायथ्याला आहे. गावामागच्या उतारावर आणि वरच्या सपाटीवर मिळून साठ एकर गायरान आहे. मार्चपासून ते बोडकं, पिवळं दिसतं. तरुण मंडळी आणि शाळेनं मिळून यंदाच्या पावसाळ्यात तिथं पाच हजार झाडं लावायचं ठरवलंय. खड्डे जेसीबीनं काढायचे, तारेचं कुंपण घालायचं, मेंढरांना कायमची बंदी करायची. झाडं कोणती लावावीत? वड-पिंपळ, बांबू, की भराभर वाढणारं गिरिपुष्प?

गुरुजी, तुम्ही पाठवलेले सगळे फोटो मी मोठे करून पाहिले. आधी उत्तर देते, कारणं मागून. वरच्या सपाटीवर एकही झाड लावू नका. उतारावर जी झाडं आधीच आहेत (आहेत, फोटोत दिसतात) ती वाढू द्या. नवीन लावायचीच असतील तर ओघळींच्या आणि नाल्याच्या काठानं लावा, पाच हजार नव्हे, दोन-अडीचशे. बाकीची सगळी माणसं, पैसा आणि पहिली दोन वर्षं गवताला द्या. आणि मेंढपाळाला कुंपणाबाहेर काढण्याऐवजी पहिल्या बैठकीलाच बोलवा.

हे वाचून तुमची पोरं नाराज होतील, याची मला कल्पना आहे. मीही एके काळी झाडंच लावत होते. १९९४ साली मी या कामात आले तेव्हा जिल्ह्यातल्या एका गावच्या माळावर आम्ही सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं. जागा अशीच होती, मुरमाड, उघडी, वाऱ्याची. खड्डे मीच आखून दिले होते. पहिल्या पावसाळ्यात रोपं तरारली, फोटो निघाले. ऑगस्टात पावसानं दडी मारली आणि निम्मी गेली. उरलेल्यांना दोन उन्हाळे टँकरनं पाणी घातलं. तिसऱ्या वर्षी टँकर थांबला. आज तिथं वाकडीतिकडी थोडी गिरिपुष्पं उभी आहेत. वाईट त्याचं वाटत नाही. खड्डे काढताना आम्ही जो मुरूम उपसून गवतावर पसरला, तिथं त्यानंतर गवताऐवजी घाणेरी आली आणि मग वेडी बाभूळ शिरली, त्याचं वाटतं. त्या गावची एक म्हातारी बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन माझ्यासमोर थांबली होती. म्हणाली, “ताई, पयल्यांदा हितनं मी चार म्हैने वैरण न्यायची. आता इळा लावायला जागा न्हाई.” तेव्हापासून मी माळाकडं बघायची पद्धत बदलली.

आता हिशेब करू. पाच हजार रोपं, दर रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी, म्हणजे आठवड्याला पन्नास हजार लिटर. पाच हजार लिटरचा टँकर धरला तर आठवड्याला दहा खेपा. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतचे पंधरा आठवडे धरले तर एका उन्हाळ्यात दीडशे खेपा, आणि असे किमान दोन उन्हाळे. टँकर डोंगरावर चढवायचा, ज्या गावात मे महिन्यात माणसांसाठीच टँकर येतो तिथं. एवढं करून झाडाची मुळं वीतभर मातीखाली काळ्या पाषाणाला टेकणार. आपला हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याच्यावर जिथं माती साठली तिथं झाड आलं, जिथं साठली नाही तिथं गवत आलं. ही वाटणी डोंगरानंच केलेली आहे.

ही वाटणी डोळ्यांनी बघायची असेल तर कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांबरोबर जा. पंचेचाळीस किलोमीटरची वाट, रात्रभर ‘आई राजा उदो उदो’, आणि घाट चढेपर्यंत उजाडायला लागलेलं असतं. सगळ्यांचं लक्ष कळसाकडं असतं. तुम्ही एकदा घाटाच्या कडेला थांबून डोंगर न्याहाळा. घळींमध्ये झाडांच्या हिरव्या रेघा दिसतील. दोन घळींच्या मधल्या सोंडा आणि वरची सपाटी सोनेरी, कारण आश्विनात गवत बियाला आलेलं असतं. बालाघाट म्हणजे सह्याद्रीची हरिश्चंद्रगडाकडून आग्नेयेला निघालेली रांग. नगर, बीड, धाराशिव करत ती आपल्या जिल्ह्याच्या कडेला येते. कोकणच्या बाजूसारखे सुळके हिला नाहीत. माथा सपाट, कडा तुटलेली आणि पायथ्याला पसरट उतार. माथ्यावरचं पाणी एकीकडं मांजरेतून गोदावरीला जातं, दुसरीकडं सीनेतून भीमेला. म्हणजे तुमच्या गायरानावर थांबलेलं पाणी तुमच्या विहिरीला आणि न थांबलेलं पाणी सीनेला, असा सरळ व्यवहार आहे.

लहानपणी बार्शी लाइटच्या छोट्या गाडीतून आम्ही मामाच्या गावी जायचो. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झालेली ही अरुंद रेल्वे १९११ पर्यंत बालाघाट चढून लातूरला पोचली होती. येडशीच्या घाटात गाडी इतकी हळू चालायची की खिडकीतून झाडं मोजता यायची. धावडा, सालई, पळस, खैर. रामलिंगच्या घळीत तर भर उन्हाळ्यात सावली. घाट संपून गाडी वर आली की एकदम मोकळा माळ आणि वारा. आई म्हणायची, “आता डोंगर संपला.” डोंगर संपलेला नसायचा. आम्ही त्याच्या डोक्यावर आलेलो असायचो.

तर उताराचं काय करायचं? तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात गुडघ्याएवढी झुडपं आहेत. ती झुडपं नाहीत. ते धावड्याचे आणि पळसाचे जुने बुंधे आहेत. वर्षानुवर्षं कुऱ्हाड आणि शेळी यांनी त्यांना उंच होऊ दिलेलं नाही, पण खालची मुळं कदाचित तुमच्या आजोबांच्या वयाची असतील. असे बुंधे शोधा, प्रत्येकावरचे सगळ्यांत सरळ एक-दोन फुटवे ठेवा, बाकीचे छाटा, भोवती काट्याची फांदी टाका. पाणी घालायचं काम नाही. तीन पावसाळ्यांत ते डोक्याच्या वर जातील. विकत आणलेल्या कोणत्याच रोपाला हे जमणार नाही. शाळेच्या मुलांना हेच काम द्या. चुन्याची पिशवी घेऊन उतारावर फिरायचं आणि बुंधा दिसला की खूण करायची. मी एका गावात हे केलं तेव्हा ‘इथं झाडच नाही’ म्हणणाऱ्या माणसांसमोर मुलांनी एका दिवसात चारशेच्या वर खुणा केल्या.

ओघळीच्या काठानं लावायला हिवर, बोर, आपटा, अंजन, करंज घ्या. नाल्यात जिथं माती खोल आहे तिथं उंबर किंवा वड. बांबू इथं नको. गिरिपुष्प शेताच्या बांधावर खतासाठी लावा, तिथं ते गुणाचं आहे, गायरानावर नको. हिवर आणि बोर ही मेंढपाळाची झाडं आहेत. हिवराच्या शेंगा वाळून पडतात तेव्हा गवत संपत आलेलं असतं, आणि मेंढरं त्या शेंगांवर दिवस काढतात. आपल्या गावांची नावं पाहा: हिवरे, बोरगाव, बाभूळगाव, चिंचोली, वडाळा. माझा अंदाज असा की जिथं नजरेत भरणारं झाड होतं तिथं पाणी होतं, म्हणून तिथं वस्ती झाली आणि झाडाचंच नाव पडलं. सगळीकडं झाडंच झाडं असती तर एका हिवरावरून गावाला नाव पडलं नसतं.

आता गवत. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गवत म्हणजे ‘काहीच नाही’ असं धरून आपण चालतो.

सप्टेंबरात तुमच्या गायरानावर जा आणि गुडघे टेकून एक वीत बाय वीत जागा निवडा. त्यात काय काय आहे ते मोजा. शेडा गवताचं ठोंब असेल, त्याची पाती धरून ओढली तर मुरूम हलेल पण ठोंब निघणार नाही. बाजूला पवन्या, डोंगरी, जरा ओलीला मारवेल. खाली जमिनीलगत बारीक शेंगवर्गीय वेली, एखादी निळी फुलं आलेली केना. आणि कुसळी तर असतेच. तिचं एक कुसळ तोडा, तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. ते हळूहळू गरगर फिरायला लागेल. वाळलं की उलटं फिरेल. तळाशी सुईसारखं टोक आणि टोकाला मागं वळलेले केस, म्हणजे शिरलेलं मागं येणार नाही. रात्रीच्या दवानं आणि दिवसाच्या उन्हानं ते आपोआप जमिनीत पेरलं जातं. मुलांना हे एकदा दाखवा, विज्ञानाचा एक तास सार्थकी लागेल. हेच कुसळ मेंढराच्या लोकरीत आणि तोंडात शिरतं तेव्हा मेंढपाळ कुसळीला शिव्या घालतो. पण फुलोऱ्याआधी तीच कुसळी चांगली वैरण असते. नुसती कुसळी वाढलेली दिसली तर समजा की माळावर चराईचा भार फार झालाय आणि गोड गवतं खाऊन संपली आहेत. माळाची तब्येत अशी गवतावरून कळते.

पाण्याचंही दाखवता येतं. तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, वरचं आणि खालचं झाकण कापून नळी करा. एकदा तो गवताच्या ठोंबाजवळ दोन बोटं जमिनीत ठोका आणि एक तांब्या पाणी ओता. मग दहा पावलांवरच्या उघड्या, तुडवलेल्या पायवाटेवर तेच करा. गवतापाशी पाणी बघता बघता आत जातं. पायवाटेवर डबक्यासारखं उभं राहतं. आपल्याकडं जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत आणि तोही चार-दोन धुवाधार सरींत येतो. तेव्हा जमिनीवर पाती असतील तर थेंब फुटतो, पाणी रेंगाळतं आणि मुरतं. नसतील तर मुरमाचं तोंड बंद होतं आणि सगळं लाल पाणी खाली. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खोदलेले चर, काढा म्हणून तुम्हाला कुणीतरी सांगेलच. उघड्या पडलेल्या, धुपलेल्या पट्ट्यात हातानं काढलेले उथळ चर चालतील. धड गवत असलेल्या जागी जेसीबी फिरवून चर काढणं म्हणजे भरलेली जखम पुन्हा उकलणं. ओघळींत मात्र दगडाचे छोटे बांध घाला, जितके जमतील तितके, वरून खाली. दगड तिथलाच, मजुरी रोजगार हमीतून मिळते. कुरणविकासही रोजगार हमीच्या कामांत बसतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तसा प्रस्ताव करायला सांगा.

माळाला ‘पडीक’ हे नाव महसुली दप्तरातून आलं. ज्या जमिनीचा शेतसारा येत नाही ती पडीक, आणि सातबाऱ्यावर पोटखराबा. त्याआधी या मुलखात याच जमिनीला मोल होतं. कुरण हा शब्दच सांगतो. मराठेशाहीत घोड्यांच्या चाऱ्यासाठी कुरणं राखली जायची. ‘भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं’ असं आपण अभिमानानं म्हणतो, पण ती तट्टं इथल्या भीमेच्या काठच्या आणि माळांच्या गवतावर वाढली होती. औरंगजेब १६९५ ते १६९९ मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, माचणूरच्या किल्ल्याशी, छावणी टाकून बसला होता. एवढ्या लष्कराची जनावरं चार वर्षं काय खात असतील, याचा विचार मी माचणूरच्या घाटावर बसून अनेकदा केला आहे. खिलार बैल, दख्खनी मेंढी, उस्मानाबादी शेळी, माडग्याळची मेंढी, ही सगळी याच कोरड्या माळांच्या पट्ट्याची देणगी. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांच्या कथेतही गुरं राखणारा पोरगाच आहे. रानात मल्लय्या भेटतो, हुरडा मागतो, मग दहीभात मागतो, आणि पोरगा भात घेऊन परत येतो तर तो नाहीसा झालेला असतो. त्याला शोधत पोरगा पार श्रीशैलच्या डोंगरापर्यंत जातो.

आता मेंढपाळ. तुम्ही लिहिलंय की बाहेरची मेंढरं येऊन सगळं खातात. बाहेरची म्हणजे कुठली, हे विचारलं आहे का? आपल्या भागात येणारे बरेच धनगर ठरलेल्या वाटांनी, पिढ्यान् पिढ्या येतात. दिवाळीला हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेत महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या देवांच्या पालख्या भेटतात, भाकणूक होते, आणि पुढच्या पावसाचा अंदाज घेऊन माणसं पांगतात. सुगी झालेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे मेंढपाळाला. पावसाळ्यात मात्र शेतं पेरलेली असतात, तेव्हा मेंढरांना माळाशिवाय जागा नाही. अडचण इथंच आहे. गवताला वाढायला आणि बियाला यायला जे तीन महिने लागतात, त्याच तीन महिन्यांत चराईचा भार सगळ्यांत जास्त असतो. कायमची बंदी हा यावरचा इलाज नाही. कुंपण घातलं की एक तर रात्री तार तुटते, नाहीतर भार शेजारच्या गावच्या गायरानावर जातो.

मी जे करते ते असं. गायरानाचे तीन भाग पाडायचे, खुणेला चुन्याचे दगड. पहिल्या वर्षी एक भाग मृगापासून दिवाळीपर्यंत पूर्ण बंद, उरलेले दोन चराईला खुले. दिवाळीनंतर बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायचं, घरटी ठरलेले भारे, भूमिहीन आणि एकट्या बायकांना आधी. कापताना चार बोटं खुंट ठेवायचा. प्रत्येक ठिकाणी थोडा पट्टा न कापता सोडायचा, म्हणजे बी पडतं. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद, मग तिसरा. चौथ्या वर्षी पहिल्या भागाकडं परत. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहायचं आणि मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, जाऊन तोंडानं सांगायचं. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला राखणदार नेमलं तर उत्तम. एका गावात आम्ही असंच केलं. तिथले मामा, वय सत्तरीच्या पुढं, पहिल्या दिवशी मला म्हणाले, “आमाला बंद करताय व्हय?” मी म्हटलं, “मामा, बंद तुम्हीच करायचं, तुम्हीच उघडायचं.” ते बराच वेळ काठीनं मुरूम उकरत बसले. मग उठून त्यांनी स्वतः दाखवलं की तीन भागांच्या सीमा कुठून असाव्यात. मी नकाशावर आखलेल्या रेघा चुकीच्या होत्या. पाणवठा एकाच भागात अडकला असता.

याच मामांनी मला लांडग्याबद्दल सांगितलं. तुमच्या पत्रात लांडग्याची भीती आहे, झाडी वाढली तर तो जाईल असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. लांडगा माळावरचाच प्राणी आहे, ओघळीच्या काठच्या मुरमात बीळ करतो, हिवाळ्यात पिल्लं घालतो. दाट काटेरी झाडी झाली तर त्याला दबा धरायला उलट बरं पडतं आणि मेंढपाळाला तो दिसत नाही. मोकळ्या माळावर मेंढपाळाचं कुत्रं त्याला लांबूनच हेरतं. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं कोंडली, कुत्री चांगली असली, तर नुकसान कमी होतं. आणि झालं तर पंचनामा करून वनखात्याकडं भरपाईचा अर्ज लगेच करायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही. मामांचं म्हणणं, “एखादं कोकरू त्याचं असतंय.” हे मन सगळ्यांचं नसतं आणि असावं अशी सक्तीही आपण करू नये. ज्याचं कोकरू जातं त्याच्या पोटाचा प्रश्न असतो.

माळढोकाबद्दल लिहिल्याशिवाय मला हे उत्तर पुरं करता येणार नाही. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजचं नाव देशभर झालं ते या पक्ष्यामुळं. अभयारण्य जाहीर झालं १९७९ साली. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा नर गळ्याची पिशवी फुगवून उभा होता, अर्धा किलोमीटर लांबून पांढरा ठिपका दिसत होता. असं दिसणं आणि असं बघता येणं हाच त्याच्या जगण्याचा आधार आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि चारी बाजूंना नजर ठेवते. भोवती झाडी वाढली की तिला धोका दिसत नाही आणि ती जागा सोडते. समोरचं नीट दिसत नसल्यामुळं उडताना विजेच्या तारांना धडकून मरतो तो वेगळाच. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडं एखादा दिसला तर बातमी होते. तुमच्या गायरानावर माळढोक येईल असं मी म्हणत नाही. पण ज्यांना तोच मोकळा माळ लागतो ते अजून आहेत: धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी, खोकड, हिवाळ्यात मध्य आशियातून येऊन गवताच्या अगदी जवळून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी. संध्याकाळी गायरानाच्या कडेला शांत बसलात तर भोवत्या गवतात मुक्कामाला उतरताना दिसतील. गवत कापताना जो पट्टा राखायचा म्हणाले, तो यांच्याही कामाचा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडं लोक जैवविविधता नोंदवही असते. ती कपाटात असेल तर बाहेर काढा आणि गवतांची नावं तुमच्या गावच्या तोंडची लिहा. पुस्तकातली नावं नंतर लावता येतील. दहा मैलांवर नाव बदलतं, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना ती येतात ती फार दिवस राहणार नाहीत.

आगीबद्दल थोडं. गवत राखलं की उन्हाळ्यात वणव्याची भीती येते, आणि ती खरी आहे. गवत कापून नेलं तर जळायला उरतंच कमी. तरी रस्त्याच्या बाजूनं आणि शेतांच्या बाजूनं दहा-बारा फूट रुंदीची जाळरेषा होळीच्या आधी साफ करून ठेवा. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ असं म्हणून मुद्दाम आग लावणारे असतात. एखाद्या वर्षी कोंब हिरवे दिसतात, पण दरवर्षी जाळलं तर कुसळीच उरते.

तुमच्या मंडळींना झाडं लावायची हौस आहे, ती मोडू नका. शाळेचं आवार, स्मशानभूमी, ओढ्याचा काठ, रस्त्याच्या कडा, विहिरींच्या भोवती, घरटी एक शेवगा, एक कढीपत्ता. या जागांवर माती आहे, पाणी आहे, आणि माणसाची नजर आहे. तिथं पाचशे झाडं लावली तर ती जगतील.

गायरानासाठी यंदाच्या वर्षापुरतं सांगते, कारण वेळ थोडा आहे. मृगाच्या आधी तीन भागांच्या खुणा आणि ठराव. ज्या भागात जमीन उघडी पडली आहे तिथं पेरायला पवन्या आणि शेड्याचं गेल्या हंगामातलं बी मिळवा. ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने जुनं असलं की उगवतं. हे बी हलकं, केसाळ असतं, नुसतं फेकलं तर वाऱ्यानं शेजारच्या शिवारात जातं. त्याला ओल्या मातीत आणि शेणात कालवून बारीक गोळ्या करायच्या, सावलीत सुकवायच्या, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर वरच्यावर टाकायच्या. खोल पुरायच्या नाहीत. पायथ्याला जिथं काळी माती आहे तिथं मारवेलचे ठोंब लावा. जुन्या ठोंबाचे तीन-चार फुटव्यांचे तुकडे करायचे, वरची पाती वीतभर ठेवून छाटायची, दीड-दोन फुटांवर लावायचे आणि टाचेनं माती दाबायची. पाऊस उघडून दोन दिवस झाले असतील तर लावू नका, पुढच्या सरीची वाट पाहा. खणलेले ठोंब तोपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून लिंबाच्या सावलीला ठेवले तर तीन दिवस राहतात, चौथ्या दिवशी मुळं काळी पडतात.